पाच तारे आणि एक प्यून बुक

चार आकडे मी सांगितले. सात, शून्य, दोन, नऊ. सांगायला फार तर तीन सेकंद लागले असतील. ते निस्तरायला नलिनीकाकूंना चौदा महिने लागले, आणि त्या चौदा महिन्यांत एकदाही त्यांनी मला मूर्ख म्हटलं नाही. ते त्यांनी माझ्याकडूनच लिहून घेतलं. शपथेवर, नोटरीच्या शिक्क्यासह.

मी मूळचा पांढुर्ण्याचा. भोपाळला साकेत नगरात एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर बसतो आणि तिथून दोन गल्ल्या सोडून नलिनीकाकू आणि भालचंद्रकाका यांच्या घरातल्या वरच्या खोलीत भाड्याने राहतो. काका निवृत्त गणित शिक्षक, घराणं इंदूरचं. काकू स्वतःला नागपूरच्या म्हणवतात. त्यांचे वडील छप्पन साली, राजधानी हलली तेव्हा, सरकारी फायलींबरोबर नागपूरहून भोपाळला आले. काकूंचा जन्म इथला, शाळा इथली, नोकरी इथली. सलग आठ दिवस त्या नागपूरला राहिल्याचं कोणाला आठवत नाही. पण पोह्यांचा विषय निघाला की त्या नागपूरच्या.

आणि तो विषय एक्केचाळीस वर्षं दर रविवारी निघत होता. काकांच्या मते पोहे म्हणजे वाफेवरचे, वर शेव, बडीशेपेचा वास, शेजारी जिलबी. काकूंच्या मते पोह्यांवर चण्याची तर्री नसेल तर तो आजाऱ्याचा आहार. या दोन मतांवर त्यांचा संसार उभा होता. मी राहायला आलो तेव्हा पहिल्याच रविवारी मला पंच म्हणून खाली बोलावलं गेलं. मी दोन्ही बाजूंच्या दोन-दोन बशा खाल्ल्या आणि निकाल राखून ठेवला. तो मी आजपर्यंत राखून ठेवलाय. भाडेकरूला इतकी अक्कल लागतेच.

मग काकांना ऐकू येईनासं झालं. आधी फोनवरचं, मग दारावरचं, मग समोरचं. 'काय?' असं पुन्हापुन्हा विचारणं त्यांना कमीपणाचं वाटे, म्हणून त्यांनी एक सोपी युक्ती काढली. कोणी काहीही बोललं की हसून मान डोलवायची. जन्मभर पोरांच्या वह्यांत लाल फुल्या मारणारा माणूस सगळ्यांना बरोबर म्हणू लागला. एका रविवारी काकू मुद्दाम त्यांच्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "इंदूरचे पोहे म्हणजे ओला भुसा."

काकांनी मान डोलवली.

काकू स्वयंपाकघरात गेल्या. बराच वेळ नळ सुरू होता, पण भांडी घासल्याचा आवाज आला नाही.

दुसऱ्याच दिवशी त्या काकांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टर म्हणाले, मशीन लावा, आणि लवकर लावा. कान जितके दिवस रिकामे बसतील तितकं पुढे शब्द ओळखणं अवघड होत जाईल. मग अरेरा कॉलोनीतल्या 'कर्णमधुर हिअरिंग सेंटर'मधून शेहेचाळीस हजार पाचशे रुपयांचं मशीन आलं. काकांनी ते कानात घातलं आणि पहिलं वाक्य बोलले, "ओला भुसा कोणाला म्हणालीस त्या दिवशी?" म्हणजे काकूंचं तेवढं वाक्य त्यांनी ओठांवरून वाचून ठेवलं होतं. त्या रविवारी दोघं दुपारी दीडपर्यंत भांडले. मला वर खोलीत ऐकू येत होतं. सण असावा असं वाटत होतं.

तिसऱ्या महिन्यात मशीन शिट्ट्या मारू लागलं. मग शिट्ट्याही थांबल्या. वॉरंटी वर्षभराची होती. कंपनीचा तुषार नावाचा सर्व्हिसवाला यायचा, मशीन डबीत घालून न्यायचा, आठवड्याने आणून द्यायचा. दोन दिवस चालायचं, तिसऱ्या दिवशी बंद. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा तो शनिवारी मशीन घेऊन गेला, आणि सोमवारी मी माझं कर्तृत्व गाजवलं.

बिलावर मोबाइल नंबर माझा होता. काकांना फोन ऐकू येत नाही, आणि फोनवर बोललेल्याला पुरावा नसतो म्हणून काकू महत्त्वाचं काही फोनवर बोलत नाहीत. सोमवारी सकाळी लॅबमध्ये उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्यांची रांग होती. उपाशी माणसं आधीच चिडकी, त्यात एकाची बाटली दुसऱ्याच्या नावावर चढलेली. तेवढ्यात तुषारचा फोन.

"भैया, एक कोड आया होगा आपके मोबाइल पे. जरा बता दो, पार्ट ऑर्डर करना है."

मी सांगितला.

"और भैया, एक लिंक भी आएगी. पाँच स्टार दबा देना. नौकरी का सवाल है."

नोकरीचा प्रश्न म्हटल्यावर मी कोण नाही म्हणणार? दाबले पाचही. मग मेसेज आला: प्रिय ग्राहक, आपली तक्रार आपल्या पूर्ण समाधानाने बंद करण्यात आली आहे. आपल्या आनंदात आमचा आनंद.

संध्याकाळी मी खाली जाऊन काकूंना मेसेज दाखवला. कोड म्हणजे समाधानाची पावती असते, तो दिला की तक्रार संपते, हे मला तोवर गुगलकडून कळलं होतं. मला वाटलं, आता खोली खाली करावी लागणार. काकूंनी चष्मा लावला, दोनदा वाचलं आणि एवढंच विचारलं, "किती वाजता सांगितलास?"

"अकरा चाळीस."

त्यांनी कपाटातून एक लांबट, कापडी पाठीची वही काढली आणि त्यात तारीख, वार, वेळ लिहिली. मला वाटलं, माझ्या गुन्ह्याची नोंद होतेय.

या वहीबद्दल सांगायला हवं. काकूंनी एका सरकारी संचालनालयाच्या आवक-जावक शाखेत छत्तीस वर्षं काढली. आलेला कागद आवक, गेलेला कागद जावक, आणि कागद ज्याच्या हातात दिला त्याची सही प्यून बुकमध्ये. साहेब बदलले, मंत्री बदलले, राज्याचे दोन तुकडे झाले. सही घेतल्याशिवाय काकूंच्या हातून कागद सुटला नाही. निवृत्तीनंतर हा रोग घरी आला. गॅसवाला सही करतो. इस्त्रीवाला सही करतो. एकदा मला कढीचा डबा दिला तर माझीही सही घेतली: 'स्टील डबा एक, झाकणासह.' झाकणाचा उल्लेख मला लागला होता. मित्रांमध्ये मी त्या वहीची भरपूर टिंगल केली आहे. ती सगळी टिंगल मी इथे लेखी परत घेतो, काकूंना पोच द्यायला तयार आहे.

शुक्रवारी तुषार मशीन परत देऊन गेला. मशीन पूर्वीइतकंच थंड. आता नवी तक्रार नोंदवायची तर कंपनीचा यंत्रमानव फोनवर म्हणे, आपकी पिछली शिकायत का समाधान हो चुका है.

मग आम्ही अरेरा कॉलोनीतल्या दुकानात गेलो. काचेचं दार, आत गुलाबाचा वास, भिंतीवर एक आजोबा नातवाचं बोलणं ऐकून हसतायत असा फोटो. मॅनेजर सोनाली मॅडम ग्वाल्हेरच्या मराठी निघाल्या. मराठी निघाल्यावर आपलं काम होतं असा आपला एक गोड गैरसमज असतो.

"काकू, तुम्ही आपलीच माणसं," त्या म्हणाल्या, "म्हणून सांगते. हे मॉडेल आता जुनं झालं. नवं घ्या, तुम्हाला वीस टक्के सूट."

"हे चालत नाही, त्याचे पैसे परत द्या," काकू म्हणाल्या.

"पण सिस्टिममध्ये तुम्ही समाधानी दिसताय."

"सिस्टिमला माझ्या घरी पाठवा. पोहे खायला घालते."

सोनाली मॅडमनी बिल उलटं करून दाखवलं. मागे मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत दोन वाक्यं. विकलेला माल परत घेतला जाणार नाही. वाद झाल्यास फक्त गुरुग्रामचं न्यायालय. काका आमच्यामध्ये बसून दोन्हीकडे बघत हसत होते आणि दोन्ही बाजूंना मान डोलवत होते. काकूंनी त्यांचा हात धरला आणि उठल्या. दारात वळून म्हणाल्या, "आज मी आले होते अशी सही द्या."

सोनाली मॅडमना वाटलं, म्हातारी थट्टा करतेय. हसत हसत सही दिली, शिक्काही मारला.

घरी आल्यावर मी ज्ञान पाजळलं. "काकू, मोठ्या कंपन्या असतात. वकील लागतो. माझ्या ओळखीचे एक आहेत."

ओळखीचे वकील पंधरा हजार म्हणाले, वर 'तारखेचे वेगळे.' काकूंनी त्यांचा आकडा वहीत लिहिला आणि खाली रेघ मारली. मग मला लॅपटॉप घेऊन बसवलं. आधी ग्राहक हेल्पलाइनचा नंबर, एक-नऊ-एक-पाच. तिथल्या मुलीने तक्रार नीट लिहून घेतली, क्रमांक दिला, कंपनीकडे पाठवली. कंपनीने उत्तर दिलं: ग्राहकाने स्वतः कोड देऊन समाधान कळवलं आहे, सोबत पाच तारे जोडले आहेत. माझे पाच तारे आता जोडपत्र झाले होते.

मग नोटीस. ती काकूंनी स्वतः लिहिली, कार्यालयीन हिंदीत, 'विषय' आणि 'संदर्भ' घालून. संदर्भच सात होते. पंधरा दिवसांत पैसे परत करा, अन्यथा आयोगाकडे जाऊ. स्पीड पोस्टने गेली, पोच परत आली, उत्तर आलं नाही. काकू खूष झाल्या. उत्तर न येणं हाही एक कागदच असतो म्हणे, फक्त कोरा.

मग कायदा. मी वाचायचो, काकू ऐकायच्या. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायला हवं. वकील केलाच पाहिजे असं नाही, स्वतःची बाजू स्वतः मांडता येते. आणि माणूस जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, बिलाच्या मागे कोणी गुरुग्राम लिहो की मंगळ लिहो.

"फुकट?" काकूंनी विचारलं.

"फुकट."

"आणि लोक काय करतात मग?"

"लोक वीस टक्के सूट घेतात."

आम्ही तक्रार भरली. मशीनचे पैसे व्याजासह, मानसिक त्रासाचे पन्नास हजार, खर्च वेगळा. मानसिक त्रासाच्या रकान्यात काकूंनी मला एकच वाक्य लिहायला लावलं: 'अर्जदार क्रमांक एक आणि दोन यांच्यातलं बोलणं बंद आहे.' मी म्हटलं, काकू, हे वाचून लोकांना वाटेल तुमचं भांडण झालंय. त्या म्हणाल्या, "झालं असतं तर कशाला आले असते रे आयोगात?"

कंपनीला उत्तर द्यायला तीस दिवस, वरती फार तर पंधरा. कंपनीचं उत्तर चव्वेचाळिसाव्या दिवशी आलं. मग तारखा. कंपनीच्या वकिलांना एकदा ताप, एकदा लग्न, एकदा त्यांची फाइल गुरुग्रामला. काकू दर तारखेला अकराच्या आधी हजर, पिशवीत वही, डब्यात पोळीभाजी, बाजूला काका. आधी काका बाहेरच्या बाकावर शेजारच्या माणसाशी हातवारे करून तरी बोलायचे. पुढे तेही थांबलं. जवाहर चौकातल्या चहाच्या टपरीवर त्यांचे तीन जुने मास्तर मित्र जमत. काकांनी तिथे जाणं सोडलं. घरी आले की खिडकीकडे तोंड करून बसायचे. काकू बोलायच्या, ते वळायचेही नाहीत, मान डोलवायलाही नाही. डॉक्टरांनी सांगितलेले महिने काकू बोटांवर मोजायच्या आणि मी माझे चार आकडे.

एकदा मी म्हटलं, "काकू, वीस टक्क्यांत नवं घेऊन टाका. मी थोडे घालतो."

"कोणत्या पगारातून? बाटल्यांच्या?" त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने, "विक्रांत, नवं घ्यायला पैसे असते तर घेतलं असतं रे. होते ते त्या डबीत गेले."

शेवटच्या सुनावणीआधी त्यांनी मला न्यायालयासमोरच्या नोटरीकडे नेलं. खरं तर नोटरी मीच शोधला होता, सगळ्यात स्वस्त. शपथपत्राचा मजकूर काकूंचा: मी विक्रांत, वय सत्तावीस, शपथेवर सांगतो की अमुक तारखेला अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, कोडचा अर्थ न समजता, केवळ घाईत, तो कंपनीच्या माणसाला सांगितला, तसेच पाच तारे दाबले. नोटरीने वाचून माझ्याकडे वर पाहिलं. "पढ़े-लिखे हो?" मी म्हटलं, "बीएस्सी." त्याने शिक्का मारला. दीडशे रुपये काकूंनी दिले, कारण माझ्या खिशात रोकड नव्हती आणि नोटरीकडे यूपीआय नव्हतं.

सुनावणीत कंपनीच्या वकिलांनी माझे पाच तारे असे वाचले की माझा सत्कार असावा. मग ते थेट काकांकडे वळले. "बाबूजी, मशीन ठीक हो गई थी ना?"

काका हसले. मान डोलवली.

वकील विजयी मुद्रेने समोर बघू लागले. समोर आयोगाच्या एक बाई सदस्य होत्या. त्यांनी काकांकडे जरा वेळ पाहिलं आणि नेहमीच्याच आवाजात विचारलं, "आप कंपनी की तरफ़ से आए हैं?"

काका हसले. मान डोलवली.

"और आपकी उम्र बीस साल है?"

त्यालाही काकांची हरकत नव्हती.

"वकील साहब, बैठिए," बाई म्हणाल्या.

मग काकू उभ्या राहिल्या. वही उघडली, टेबलावर ठेवली, बोट ठेवलं. शनिवार, आठ तारीख: कानाचं मशीन एक, डबीसह, दुरुस्तीला नेलं. सही, तुषार. शुक्रवार, चौदा तारीख: मशीन एक, डबीसह, परत आणलं. सही, तुषार.

"आणि समाधान सोमवारी झालं, दहा तारखेला, अकरा चाळीसला," काकू शांतपणे हिंदीत म्हणाल्या. "तेव्हा मशीन यांच्याच कारखान्यात होतं. साहेब, समाधान झालं असेल तर कंपनीच्या कानाचं झालं असेल."

वकील म्हणाले, ही घरगुती वही आहे, सही कोणाचीही असू शकते. सदस्य बाईंनी कंपनीनेच जोडलेला सर्व्हिसचा कागद काढून वहीशेजारी ठेवला. तुषारची सही आळसट होती, शेवटी एक लांब शेपूट. दोन्हीकडे तेच शेपूट. बाईंनी वहीची मागची पानं चाळली, एका ठिकाणी थांबल्या आणि मला विचारलं, "स्टील डिब्बा एक, ढक्कन सहित. ये आप हैं?"

मी हो म्हटलं. माझं एवढं तरी बोलणं पुराव्यात आलं.

निकाल लागला. मशीनची पूर्ण किंमत सात टक्के व्याजाने, त्रासाचे दहा हजार, आणि खर्चापोटी कागद जोडले होते तेवढे, रुपया-पैशापर्यंत. मागितलेले पन्नास मिळाले नाहीत. काकू म्हणाल्या, पन्नास मी वरच्या बाजूने सांगितले होते, भाजीवाल्यालाही सांगते. चेक मुदतीत आला. दुसऱ्या दुकानातून दुसरं मशीन आलं. या वेळी बिलावर नंबर काकूंचा आहे आणि दुकानदाराने सही करून दिलंय की बिलाच्या मागे काहीही लिहिलेलं नाही.

काकांना सगळे शब्द परत मिळाले नाहीत. गर्दीत गोंधळतात. टपरीवर जातात, पण भिंतीकडच्या बाजूला बसतात. घरात मात्र काकूंचा आवाज त्यांना नीट कळतो. तुषारचाही मला मध्ये फोन आला होता. आता तो पाण्याच्या फिल्टरच्या कंपनीत आहे. "भैया, एक रेटिंग..." मी फोन ठेवला. शिक्षण पूर्ण झालंय माझं.

राहिला हिशेब. निकालानंतरच्या रविवारी काकूंनी वही काढली. खर्चाचा प्रत्येक कागद आयोगाने मान्य केला होता, एक सोडून. स्वस्त नोटरीने पावती दिली नव्हती. छत्तीस वर्षं आणि चौदा महिन्यांत काकूंच्या हातून पावतीशिवाय सुटलेले ते पहिले दीडशे रुपये, आणि नोटरी आणला होता मी.

"हे तुझ्याकडे," काकू म्हणाल्या.

मी खिशात हात घातला.

"खबरदार!" काका खिडकीपासून ओरडले. "पोराने शपथेवर स्वतःला गाढव म्हणवून घेतलं. त्याचे दीडशे त्यालाच द्यायला हवेत!"

"तुम्ही मध्ये बोलू नका. नियम म्हणजे नियम."

"नागपूरचे नियम! पोह्यांवर तर्री ओतणाऱ्यांचे!"

"आणि इंदूरचे हिशेब कसे असतात ते मी चांगलं बघितलंय, तुमच्या बहिणीच्या लग्नात..."

मी खिशातला हात तसाच बाहेर काढला आणि बशी पुढे ओढली. त्याला आता पाच महिने झाले. वहीत माझ्या नावासमोर 'रु. १५० फक्त, वसुली बाकी' असं आहे. दर रविवारी काकू ते वाचून दाखवतात, काका हरकत घेतात आणि साधारण दीडपर्यंत चालतं. पैसे माझ्या पाकिटात वेगळ्या कप्प्यात आहेत, शंभराची एक आणि पन्नासाची एक. मागच्या रविवारी निघताना काकूंनी वही पुढे केली, म्हणाल्या, बाकी मान्य आहे म्हणून सही कर. मी केली.